घरच्या घरी चांदीचे कलिल : तार, पाणी आणि हिशेब

चांदीच्या दोन तारा, पेलाभर ऊर्ध्वपातित पाणी आणि नऊ व्होल्टांच्या तीन बॅटऱ्या एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर घरातल्या मेजावर चांदीचे कलिल, म्हणजे बाजारात ज्याला ‘कोलॉइडल सिल्व्हर’ म्हणतात ते द्रव्य, तयार करता येते, ही गोष्ट आता इतकी सर्वश्रुत झाली आहे की त्या कृतीची नवलाई ओसरून तिच्याभोवती एक स्वतंत्र व्यवहारच उभा राहिला आहे. कृती सांगणारे पुष्कळ आहेत आणि ती करणारेही थोडे नाहीत. मात्र पेल्यातल्या पाण्यात प्रत्यक्ष काय उतरले, ते किती उतरले आणि त्याला कलिल म्हणावे की नाही, असे तीन साधे प्रश्न विचारले असता कृती करणारा बहुधा निरुत्तर होतो, कारण त्याचे सारे लक्ष पाण्याचा रंग आणि घड्याळाचा काटा यांवर खिळलेले असते आणि रसायनशास्त्राशी त्याचा संबंध तारा पाण्यात बुडवण्यापुरताच आलेला असतो. ज्यांना जिज्ञासेपोटी हा प्रयोग करून पाहावयाचा आहे अशा वाचकांच्या हाती या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतः काढण्याचे साधन यावे, एवढ्याच हेतूने पुढील मजकूर लिहिला आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो: या घरगुती उपकरणातून जे निघते ते बहुतांशी कलिल नसतेच, तो चांदीच्या आयनांचा विरल विद्राव असतो, आणि त्या पाण्याचा रंग, त्याचे आयुष्य, मिठाशी होणारे त्याचे वर्तन आणि पोटात गेल्यास होणारा त्याचा परिणाम, हे सर्व या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिचे रेणू सुटे होऊन पाण्याच्या रेणूंत मिसळून जातात आणि कितीही काळ लोटला तरी तळाशी बसत नाहीत. माती पाण्यात कालवली तर तिचे कण घटकाभरात खाली येतात. या दोन अवस्थांच्या मध्ये जी तिसरी अवस्था आहे, जीत कण रेणूंपेक्षा मोठे पण तळाशी बसण्याइतके जड नसतात, तिचा पद्धतशीर अभ्यास टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१च्या सुमारास केला, आणि तेव्हापासून सामान्यतः एक नॅनोमीटर ते एक हजार नॅनोमीटर एवढ्या आकारमानाच्या कणांच्या अशा मिश्रणाला कलिल म्हणण्याचा प्रघात पडला. चांदीचा दहा नॅनोमीटर व्यासाचा गोल कण घेतला तर त्यात सुमारे ३०,००० अणू मावतात. असे कण पृष्ठभागावरील समान विद्युत्‌भारामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि म्हणून तरंगत राहतात. शिवाय प्रकाशातील जांभळा-निळा भाग, म्हणजे ४०० नॅनोमीटरांच्या आसपासची तरंगलांबी, ते प्रकर्षाने शोषून घेत असल्यामुळे चांदीचे खरे कलिल विरल असताना पिवळे आणि दाट असताना तांबूस-तपकिरी दिसते. फिलाडेल्फियाच्या कॅरी ली या संशोधकाने १८८९ साली सिल्व्हर नायट्रेटाचे फेरस सायट्रेटाच्या योगाने क्षपण करून असे कलिल मिळवले. पुढे १८९८ साली जर्मनीत गेओर्ग ब्रेडिग याने पाण्याखाली दोन धातूंच्या दांड्यांमध्ये विद्युत्‌ज्योत पेटवून धातूची वाफ पाण्यातच गोठवण्याची रीत काढली. या दोन्ही रीतींत धातूचा कण प्रत्यक्ष तयार होतो. तीन बॅटऱ्यांच्या उपकरणात ज्योत नाही आणि क्षपण करणारे द्रव्यही नाही; तेथे घडते ते विद्युत्‌विच्छेदन, आणि त्याचे नियम मायकेल फॅराडे याने १८३३-३४ मध्येच सांगून ठेवलेले आहेत.

आता सामग्रीकडे वळू. तार घ्यावयाची ती चोख चांदीची, ९९९ टंचाची, आणि ती विश्वासू सराफाकडून, शक्य तर पावतीवर टंच लिहवून घ्यावी. घरातले मोडके पैंजण किंवा जोडवी वितळवून काढलेली तार या कामी सर्वथा त्याज्य समजावी, कारण दागिन्याच्या चांदीत मजबुतीकरिता तांबे मिसळलेले असते आणि जेथे जेथे डाख दिलेला असतो तेथे तांब्याखेरीज जस्त आणि जुन्या मालात क्वचित कॅडमिअमही असते. हे सर्व धातू चांदीबरोबर, किंबहुना चांदीच्या आधी, पाण्यात उतरतात. हुपरीसारख्या गावी, जेथे पिढ्यान्‌पिढ्या चांदीचे काम चालते, तेथला कारागीरही दागिन्याची चांदी आणि चोख चांदी यांची गल्लत करीत नाही. आपणही करू नये. तारेची जाडी दीड-दोन मिलिमीटर आणि लांबी वीतभर असली म्हणजे काम भागते.

पाण्याची निवड तारेहूनही अधिक काटेकोरपणे करावी लागते. नळाच्या पाण्यात क्लोराइडे असतात आणि चांदीच्या आयनाला क्लोराइड भेटताक्षणी सिल्व्हर क्लोराइडाचा पांढरा साका पडतो, सबब नळाचे पाणी घेणाऱ्याच्या पेल्यात पाच मिनिटांत ताकासारखे धूसर पट्टे उतरू लागतात आणि तो बिचारा ते कलिल समजून हर्षभरित होतो. घरातल्या शुद्धीकरण यंत्राचे पाणीही पुरेसे शुद्ध नसते, त्यात काही क्षार मुद्दाम शिल्लक राखलेले असतात. ऊर्ध्वपातित पाणी औषधविक्रेत्याकडे मिळते. मोटारीच्या बॅटरीत घालावयाचे निर्क्षार पाणीही चालते, मात्र तशाच प्लॅस्टिकच्या डब्यांतून त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही विकले जाते, तेव्हा डब्यावरील चिठ्ठी वाचल्यावाचून तो उघडू नये. पाण्यातील क्षार मोजणारे छोटे टीडीएस मापक आजकाल अल्प किमतीत मिळते, ते आणलेल्या पाण्यात बुडवून पाहावे; शून्य किंवा एक हा आकडा आला तरच पाणी घ्यावे, चार-पाच आला तर परत करावे.

विद्युत्‌प्रवाहाकरिता नऊ व्होल्टांच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या म्हणजे सत्तावीस व्होल्टांचा दाब मिळतो. घरातल्या २३० व्होल्टांच्या विजेशी या उपकरणाचा कोणत्याही प्रकारे, कोणत्याही यंत्रामार्फत संबंध येऊ देऊ नये, ही सूचना मी सल्ला म्हणून देत नसून अट म्हणून घालतो. बॅटऱ्यांच्या साखळीत २७ किलोओहमचा एक रोधक, ज्याला दुकानात रेझिस्टर म्हणतात, आणि मिलिअँपिअर दाखवणारा मल्टिमीटर जोडावा. रोधकाचे कारण असे, की शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असल्याने आरंभी एका मिलिअँपिअरचा एक-दोन दशांश एवढाच प्रवाह वाहतो, परंतु चांदीचे आयन पाण्यात उतरू लागताच पाणी वाहक बनते, वाहक बनताच प्रवाह वाढतो, प्रवाह वाढताच आयन अधिक वेगाने उतरतात, आणि अशा रीतीने प्रवाह स्वतःलाच फुगवीत जाऊन अखेरीस तारांवरून काळे-करडे झुपके सुटू लागतात. २७ किलोओहमचा रोधक मध्ये असला म्हणजे दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तरीदेखील प्रवाह एका मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकत नाही. ज्या घरगुती कृतींत रोधकाचा उल्लेख नसतो त्या कृती सांगणाऱ्याला प्रवाह म्हणजे काय हे ठाऊक नाही, असे खुशाल समजावे.

पाव लिटर पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात घ्यावे. पेला आधी साबणाने, मग नळाच्या पाण्याने, आणि शेवटी दोनतीनदा ऊर्ध्वपातित पाण्याने विसळावा, कारण बोटांच्या घामातले मीठसुद्धा प्रयोग बिघडवण्यास पुरेसे असते. तारा एकमेकींपासून तीन-चार सेंटिमीटरांवर उभ्या राहतील असा पुठ्ठ्याचा आधार करावा. चिमटे आणि जोडतारांचे तांबे पाण्याला स्पर्श करता कामा नये.

प्रवाह सुरू झाला म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या तारेवर, म्हणजे धनाग्रावर, चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडून आयन होतो आणि पाण्यात उतरतो. ऋणाग्रावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन मागे राहतो. हायड्रोजनाच्या नावाने कोणी घाबरून जाऊ नये: एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला तर सुटणारा हायड्रोजन अर्धा मिलिलिटरही भरत नाही. चांदीचा आयन आणि हायड्रॉक्साइड पाण्याच्या मध्यावर भेटले म्हणजे प्रथम सिल्व्हर हायड्रॉक्साइड बनते, पण ते अस्थिर असल्याने त्याचे सिल्व्हर ऑक्साइड होते, आणि या ऑक्साइडाची विद्राव्यता फारच अल्प, तापमानानुसार लिटरमागे सुमारे १३ ते २५ मिलिग्रॅम, एवढीच असते. या एका आकड्यात साऱ्या घरगुती कलिलाची मर्यादा सामावलेली आहे. त्या मर्यादेच्या आत चांदी आयनरूपाने विरघळलेली राहते आणि पाणी नितळ दिसते. मर्यादा ओलांडली की जादा चांदी ऑक्साइडाच्या तपकिरी-काळ्या गाळाच्या रूपाने धनाग्रावर व तळाशी जमते. काही आयन वाट चुकून ऋणाग्रापर्यंत पोहोचतात आणि तेथे पुन्हा धातू होऊन बसतात, त्यांचेच ते करडे लव असलेले झाड ऋणाग्रावर वाढताना दिसते. थोडे सूक्ष्म धातुकणही या धांदलीत पाण्यात सुटतात, नाही असे नाही. पण त्यांचा वाटा गौण. तेव्हा ‘अमुक तास चालवले म्हणजे लिटरमागे पाचशे मिलिग्रॅम कलिल मिळते’ अशी प्रौढी कोणी मारली, तर त्याने मोजलेले नाही किंवा त्याच्या पेल्यात गाळ आहे, यांपैकी एक खरे.

मोजण्याकरिता प्रयोगशाळा लागत नाही. मल्टिमीटर, घड्याळ आणि एक आकडा पुरतो. तो आकडा म्हणजे १.११८. एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की १.११८ मिलिग्रॅम चांदी आयनरूप धारण करते, आणि हे प्रमाण इतके विश्वसनीय आहे की १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने प्रवाहाचे एकक ठरवताना याच चांदीच्या निक्षेपाला साक्षीस ठेवले, आणि १९४८ पर्यंत जगाचा आंतरराष्ट्रीय अँपिअर चांदीच्या वजनावर मोजला जात होता. आपल्या पेल्याचा हिशेब असा: एक मिलिअँपिअर प्रवाह एक तास, म्हणजे ३,६०० सेकंद, वाहिला तर विद्युत्‌भार होतो ३.६ कूलंब, आणि त्याला १.११८ ने गुणले म्हणजे चांदी होते सुमारे ४ मिलिग्रॅम. पाणी पाव लिटर असल्याने लिटरमागे हे प्रमाण १६ मिलिग्रॅम पडते, म्हणजे ऑक्साइडाच्या विद्राव्यतेच्या उंबरठ्यावर. प्रत्यक्षात प्रवाह आरंभी कमी आणि नंतर अधिक असल्यामुळे दर पाच मिनिटांनी मल्टिमीटरवरील आकडा नोंदवहीत टिपावा, शेवटी साऱ्या नोंदींची सरासरी काढावी आणि तिला एकूण सेकंदांनी व १.११८ ने गुणावे. ऋणाग्रावर बसलेली आणि तळाशी गेलेली चांदी या आकड्यातून वजा व्हावयाची राहतेच. म्हणून हा आकडा कमाल मर्यादा दाखवतो, प्रत्यक्ष पाण्यात असलेली चांदी त्याहून कमीच असणार.

टीडीएस मापकाने चांदी मोजता येते अशी एक समजूत रूढ आहे, तिच्याविषयी दोन शब्द लिहिणे जरुरीचे आहे. ते मापक पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजते आणि तिचे रूपांतर एका ठरावीक गुणकाने मिलिग्रॅमांत करून दाखवते. तो गुणक साध्या क्षारांच्या पाण्याकरिता ठरवलेला असतो, चांदीकरिता नव्हे. शिवाय वाहकता आयनांमुळे येते, धातूच्या कणांमुळे जवळजवळ नाहीच, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जे आयन देतो त्यांनाही हे मापक चांदीतच जमा करते. पाणी आरंभी शुद्ध होते की नाही हे सांगण्यापुरतेच ते उपयोगी. तेथून पुढे त्याचा दाखला ग्राह्य धरू नये.

आता ज्या प्रश्नावर सर्व घोडे अडते त्याकडे येऊ: पेल्यातले पाणी विद्राव आहे की कलिल? याकरिता दोन परीक्षा आहेत आणि दोन्ही करून पाहिल्याशिवाय कोणी निर्णय देऊ नये. पहिली परीक्षा प्रकाशाची. खोलीत अंधार करून काचेच्या पेल्यातून सूचक म्हणून वापरतात तशा लेझरचा किरण आडवा सोडावा आणि बाजूने पाहावे. पाण्यात कण असतील तर ते प्रकाश विखुरतात आणि किरणाचा मार्ग पाण्यातून ओढलेल्या रेघेसारखा स्पष्ट दिसतो. जॉन टिंडॉल या ब्रिटिश भौतिकीतज्ज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. नुसते आयन असतील तर किरण पाण्यात दिसत नाही. तुलनेकरिता शेजारी साध्या ऊर्ध्वपातित पाण्याचा पेला आणि दूध थेंबभर घातलेल्या पाण्याचा पेला ठेवावा, म्हणजे डोळ्यांना ‘नाही’ आणि ‘आहे’ यांची ओळख पटते. लेझर डोळ्यांत जाणार नाही, विशेषतः काचेवरून उलटणारा किरण, याचा बंदोबस्त आधी करावा. दुसरी परीक्षा मिठाची. थोडेसे पाणी वेगळ्या वाटीत काढून त्यात मिठाचे चार दाणे टाकावेत. आयन असतील तर सिल्व्हर क्लोराइडाचा दुधी धूसरपणा लगोलग उमटतो, कारण क्लोराइडाची विद्राव्यता लिटरमागे सुमारे दोनच मिलिग्रॅम आहे. ती वाटी उन्हात ठेवली तर दुधी रंग हळूहळू जांभळट-करडा होतो, आणि जुन्या छायाचित्रणकलेचा सारा पाया हाच होता. बॅटरीवर बनवलेल्या ताज्या पाण्यात किरणाची रेघ फिकट आणि मिठाचा धूसरपणा ठळक दिसतो. निकाल स्पष्ट आहे.

ज्याला खरे कलिल पाहावयाचे आहे त्याने येथे एक पाऊल पुढे टाकावे: आयनांना इलेक्ट्रॉन परत देऊन त्यांचे धातुकण करावेत. याकरिता ग्लुकोज पुरते, मात्र ते निव्वळ डेक्स्ट्रोज असावे. चव, जीवनसत्त्वे आणि इतर क्षार घातलेली पूड चालत नाही. तयार पाणी काचेच्या भांड्यात मंद आचेवर उकळीच्या जवळ आणावे, त्यात धुण्याच्या सोड्याच्या, म्हणजे सोडिअम कार्बोनेटाच्या, अत्यंत विरल विद्रावाचे दोनचार थेंब आणि ग्लुकोजाची चिमूट घालावी. ग्लुकोज अल्कधर्मी पाण्यात चांदीचे क्षपण करते आणि पाणी पाहता पाहता फिकट पिवळे, मग लिंबाच्या सालीसारखे पिवळे होते. आता किरण सोडला तर रेघ झगझगीत दिसते आणि मिठाने पडणारा दुधी धूसरपणा पूर्वीच्या मानाने पुष्कळच उणा होतो. पाणी करडे किंवा हिरवट झाले तर कण मोठे झाले आहेत असे जाणावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने चांदी व सोने यांचे सूक्ष्म कण बनवल्याचे प्रसिद्ध केले. पानांतील क्षपणकारी द्रव्ये तेथे ग्लुकोजाचेच काम करतात आणि शिवाय कणांवर लेप देऊन त्यांना सांभाळतात. एक मार्ग मात्र घरी कोणी पत्करू नये: सिल्व्हर नायट्रेटात अमोनिया घालून काचेवर आरसा पाडण्याचा. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो देखरेखीखाली करतात, पण तो विद्राव ठेवून दिला तर त्यात स्फोटक संयुगे तयार होतात आणि ती नुसत्या हलवण्यानेही उडतात.

पिवळे कलिल हाती आले म्हणजे तुरटीचा प्रयोग अवश्य करून पाहावा, कारण त्यात कलिलाचा स्वभाव जितका उघड होतो तितका अन्यत्र होत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. गाळाचे कण ऋणभारित असतात आणि तुरटीतील ॲल्युमिनिअमच्या त्रिभारी आयनांनी त्यांचा भार मारला की ते एकमेकांना चिकटून खाली बसतात. चांदीच्या ऋणभारित कणांचेही तेच होते. पिवळ्या पाण्यात तुरटीच्या विरल पाण्याचे काही थेंब टाकले की पिवळा रंग मावळून करडा होतो आणि काही वेळाने तळाशी काळसर साका दिसतो. तुरटीत क्लोराइड नसल्याने हा साका सिल्व्हर क्लोराइडाचा असण्याची शंका उरत नाही, आणि आयनाचा भार जितका अधिक तितकी कलिल फोडण्याची त्याची शक्ती कित्येक पटींनी अधिक, हा शुल्झ आणि हार्डी यांचा नियम वाटीतल्या वाटीत डोळ्यांना दिसतो. मिठाच्या पाण्याने एवढेच काम साधावयाचे तर त्याचे प्रमाण कित्येकशे पटींनी वाढवावे लागते.

तयार द्रव्य तपकिरी काचेच्या बाटलीत, अंधारात आणि झाकण घट्ट लावून ठेवावे. प्रकाशात आयनांचे आपोआप क्षपण होऊन पाण्याला रंग येतो आणि शेवटी गाळ बसतो. धनाग्रावरचा काळा थर साध्या कागदाने पुसावा, चांदी उजळण्याची पूड किंवा द्रव लावू नये. हाताला लागलेले चांदीचे पाणी उन्हात तपकिरी डाग पाडते. ते कातडी झडेपर्यंत राहतात, त्याने अपाय होत नाही.

राहता राहिला तो मुद्दा ज्याकरिता बहुतेक लोक या कृतीच्या नादी लागतात. चांदीला जंतुनाशक गुण आहे यात संशय नाही, आणि वैद्यकाने त्याचा उपयोगही रीतसर करून घेतला आहे: लाइप्झिगच्या कार्ल क्रेडे याने १८८० च्या दशकात नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटाचे थेंब घालण्याची पद्धत रूढ केली आणि त्यामुळे प्रसूतीच्या वेळी लागणाऱ्या संसर्गाने येणारे अंधत्व पुष्कळ घटले, भाजलेल्या जखमांवर लावण्याचे एक टक्का सिल्व्हर सल्फाडायाझिनचे मलम आजही रुग्णालयांत वापरतात, मध्य अमेरिकेत १९८०च्या दशकापासून भाजक्या मातीच्या गाळण्यांवर चांदीच्या कलिलाचा लेप देऊन पाणी निर्जंतुक करण्याची रीत चालू आहे, आणि आपल्याकडे २००९ साली निघालेल्या टाटा स्वच्छ या गाळण्यात भाताच्या तुसाची राख व चांदीचे सूक्ष्म कण यांचीच योजना होती. पण या सर्व ठिकाणी चांदी बाहेरून लावली जाते किंवा गाळण्यात अडकून राहते. ती पेलाभर पिणे ही गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली हुकूम काढून चांदीचे कलिल असलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत असे जाहीर केले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. आपल्या पेल्यातले १६ मिलिग्रॅमांचे पाणी तिच्या १६० पट जाते. दुसऱ्या मापाने पाहू: अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने शरीराच्या किलोमागे दररोज ०.००५ मिलिग्रॅम चांदी ही आजन्म सेवनाची मर्यादा ठरवली आहे, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम, पाव लिटरच्या एका पेल्यात तिच्या तेरापट चांदी असते.

पोटात गेल्यावर काय होते तेही रसायनशास्त्रच आहे. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्लाशी आयनांची गाठ पडून बराचसा भाग क्लोराइड होतो, पण काही चांदी प्रथिनांना चिकटून रक्तात शिरते आणि त्वचेत, नखांच्या मुळांत व डोळ्यांत साठते. मग उन्हाच्या योगाने, वाटीतल्या सिल्व्हर क्लोराइडाला जे झाले तेच त्वचेतल्या चांदीला होऊन धातूचे, सल्फाइडाचे व सेलेनाइडाचे काळसर कण बनतात आणि अंगाचा रंग निळसर-राखी पडतो. या विकाराला अर्जिरिया म्हणतात आणि तो जन्मभर राहतो. लेझरने थोडा उतार पडल्याचे दाखले आहेत, पण औषध नाही. अमेरिकेतील माँटाना राज्याचे स्टॅन जोन्स यांनी, २००० साल उजाडताच संगणक बंद पडून प्रतिजैविके मिळेनाशी होतील या धास्तीने, १९९९ पासून असेच घरी बनवलेले पाणी पिण्यास आरंभ केला आणि २००२ साली ते सेनेटच्या निवडणुकीस उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा निळा-राखी झालेला साऱ्या देशाने पाहिला. शिवाय चांदी काही प्रतिजैविकांचे आणि थायरॉइडच्या गोळ्यांतील थायरॉक्सिनाचे शोषण कमी करते, त्यामुळे ज्याला औषध चालू आहे त्याचे नुकसान दुहेरी. सर्दीपडशाकरिता हे पाणी घेणाऱ्यास कोणी डॉक्टर पाठिंबा देईल असे मला वाटत नाही, आणि घरातील लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा डोळ्यांत थेंब म्हणून ते देण्याचा विचार तर मनातही आणू नये. डोळ्यांकरिता निर्जंतुक आणि मोजलेले औषध लागते, मेजावरचा पेला नव्हे.

प्रयोग आटोपल्यावर उरलेले पाणी कसे टाकावे हे सांगून हा मजकूर संपवतो. त्यात चमचाभर मीठ घालून रात्रभर ठेवावे, सकाळी तळाशी बसलेला सिल्व्हर क्लोराइडाचा साका गाळणकागदावर घेऊन वाळवून एका बाटलीत साठवावा, आणि वरचे निवळ पाणी भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावे. मीठ न घातलेले पाणी शौचटाकीत, विहिरीत, झाडांच्या कुंडीत किंवा माशांच्या टाकीत ओतू नये. शौचटाकीतले उपयुक्त जंतू चांदीने मरतात, आणि चांदीचे आयन माशांना लिटरमागे मिलिग्रॅमाच्या शतांशाइतक्या प्रमाणातही घातक ठरतात.